सशाच्या वाढीसाठी पुडी कोणती? आधी पोटात काय चाललंय ते बघू

ससेपालन करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पिलं वजन धरत नाहीत, खाद्यात काय घालू?" पशुऔषधांच्या दुकानात उत्तरं तयारच असतात. लिव्हर टॉनिक आहे, कॅल्शियम आहे, प्रोबायोटिक आहे, एन्झाइम आहे. डब्यावर चित्र गाईचं नाहीतर कोंबडीचं असतं आणि दुकानदार म्हणतो, "सशालाबी चालतंय की." त्यातलं काही खरंच चालतं, बरंचसं फुकट जातं, आणि दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या सशाला सरळ मारतात. कुठली वस्तू कुठल्या खान्यात बसते हे कळायचं तर सशाचं पोट गाईपेक्षा आणि कोंबडीपेक्षा कसं वेगळं आहे ते आधी समजून घ्यावं लागतं.

ससा रवंथ करत नाही. त्याचं जठर आपल्यासारखं एकच, आणि मोठ्या सशात ते चांगलंच आम्लधर्मी. खरा कारखाना पुढं आहे: लहान आतडं संपतं तिथं एक मोठी पिशवी लागते, तिला सीकम म्हणतात. पचनसंस्थेतला जवळजवळ निम्मा माल या एका पिशवीत असतो. आत कोट्यवधी जिवाणू राहतात आणि चाऱ्यातला जो भाग सशाला स्वतःला पचत नाही तो ते आंबवतात. कोल्हापूरकडच्या कागल-करवीर भागात ज्यांच्या दारात गोबर गॅस आहे त्यांना हे लगेच कळेल. टाकीत रोजचं शेण रोज गेलं की गॅस नीट येतो. पण एखाद्या दिवशी उरलेला भात, पीठ असलं काहीबाही ओतलं की टाकी आंबते आणि बर्नर विझतो. सीकमचंही तसंच. तंतुमय चारा नियमित येत राहिला की जिवाणू सुखात. स्टार्चचा लोट आला की चुकीचे जिवाणू माजतात, विष तयार होतं, आणि संध्याकाळी धडधाकट असलेलं पिलू सकाळी पिंजऱ्यात मरून पडलेलं सापडतं.

दुसरी गंमत म्हणजे ससा स्वतःची विष्ठा खातो, आणि खाल्लीच पाहिजे. आतड्यात जाड तंतू आणि बारीक कण वेगळे केले जातात. जाड तंतू पुढं ढकलले जाऊन कडक, कोरड्या लेंड्या होतात. बारीक कण आणि पाणी उलटं सीकममध्ये जातं, तिथं आंबतं आणि त्यातून मऊ, चकचकीत, चिकट गोळ्यांचा पुंजका तयार होतो. तो ससा थेट गुदद्वाराला तोंड लावून गिळतो, म्हणून आपल्याला सहसा दिसत नाही. त्यात जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि बी गटातली जीवनसत्त्वं असतात. म्हणून निरोगी सशाला रोज बी-कॉम्प्लेक्स पाजणं म्हणजे विहिरीत कळशी ओतणं. आजारातून उठलेल्या, खाणं सोडलेल्या जनावराला ते द्या, त्याचा उपयोग आहे.

आता वाढीकडे. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएट चिंचिला, ग्रे जायंट या आपल्याकडच्या नेहमीच्या जाती. चांगल्या व्यवस्थेत 12 आठवड्यांना दोन किलोच्या आसपास येतात. आपल्या हवामानात दूध तोडल्यानंतर दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वजन वाढलं तर ते वाईट नाही. युरोपातल्या शेडमध्ये 40 ग्रॅम मिळतात. तो आकडा वाचून पुडी शोधायला निघू नका, तिथली हवा, जनावर आणि कांडी (पेलेट) खाद्य सगळंच वेगळं आहे. पुडीबद्दल एवढं पक्कं लक्षात ठेवा की ती वजन तयार करत नाही. वजन चाऱ्यातून आणि खाद्यातून येतं. पुडी फार तर गळती थांबवते. गळतीच नसेल तर पुडीचा परिणाम दिसणार कुठं?

आधी तंतूंचा हिशेब

सर्वांत मोठी गळती बहुतेक ठिकाणी तंतूंच्या कमतरतेची असते, आणि ती पुडीनं भरत नाही. वाढत्या सशाच्या एकूण आहारात साधारण 14 ते 18 टक्के कच्चे तंतू लागतात. घरच्या घरी मिसळलेलं एक नेहमीचं मिश्रण घेऊ: मका 35 किलो, गव्हाचा कोंडा 35, शेंगपेंड 15, सोयाबीन पेंड 12, क्षार-मीठ 3. मक्यात तंतू अडीच टक्के, कोंड्यात 11, शेंगपेंडीत 9, सोया पेंडीत 6 धरले तर या शंभर किलोत तंतू भरतात जेमतेम सात किलो. म्हणजे गरजेच्या निम्मे.

"पण मी वर गवत टाकतो की." टाकता, पण किती? हिरव्या गवतात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. शंभर ग्रॅम हत्तीगवत म्हणजे कोरडं वीसच ग्रॅम. सशानं शंभर ग्रॅम मिश्रण आणि शंभर ग्रॅम हिरवं गवत खाल्लं, तर 120 ग्रॅम कोरड्या आहारात तंतू येतात 13 ग्रॅमच्या आत. प्रमाण पडतं साधारण 11 टक्के. आता तेच मिश्रण साठ ग्रॅमवर आणा आणि साठ ग्रॅम वाळकं गवत द्या. तंतू 22 ग्रॅम, प्रमाण 18 टक्के. पुडीचा एक पैसा खर्च न करता हगवण कमी होते ती इथं. पिलांची भूक आधी वाळक्या गवतावर जाऊ द्यायची, दळलेलं खाद्य नंतर. लसूणघास वाळवून दिला तर प्रथिनंही येतात. सुबाभूळ मात्र जपून, कारण त्यातल्या मिमोसिनमुळं केस गळतात आणि वाढ खुंटते. उसाचं वाडं आपल्याकडं हंगामात ढिगानं मिळतं, पण त्यात प्रथिनं फार कमी. पोट भरायला ठीक, वाढीला नाही. गूळपाणी पाजायची सवयही आपल्या भागात आहे. दूध नुकतंच तोडलेल्या पिलाला ते रोज नको.

जनावरांची गोळी पेंड सशाला देऊ नये, याचंही कारण पोटातच आहे. काही पशुखाद्यात युरिया असतो. गाईच्या पहिल्या पोटातले जिवाणू त्याची प्रथिनं बनवतात. सशात युरिया सीकमपर्यंत पोचायच्या आधीच फुटतो, अमोनिया रक्तात जातो आणि यकृताला भार होतो. गाईचं खाद्य म्हणून ते उत्तम असेल, पण आपल्या सशाला त्या पोत्याचा काही उपयोग नाही.

खरी गळती: कॉक्सिडिया

तंतूंचा हिशेब जमला तरी पिलं खुरटतात, पोट फुगलेलं, पाठीचा कणा हाताला लागतो. अशा वेळी पहिला संशय कॉक्सिडियावर घ्यावा. हे आयमेरिया जातीचे एकपेशीय परजीवी. काही आतड्यात राहतात, एक जात यकृतात. यकृतातल्या कॉक्सिडिओसिसमध्ये कापलेल्या सशाच्या यकृतावर पांढरे-पिवळट ठिपके, गाठी दिसतात. गिऱ्हाईक ते बघून माल नाकारतं आणि पाळणारा लिव्हर टॉनिकची बाटली आणतो. टॉनिकनं परजीवी मरत नाही.

त्यांची अंडी लेंडीतून बाहेर पडतात आणि ओल व ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत संसर्ग करण्याजोगी होतात. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात ओल आणि ऊब दोन्ही फुकट. पन्हाळा, गगनबावड्याकडं तर बोलायलाच नको. म्हणून जाळीच्या तळाचे उंच पिंजरे, लेंडी खाली पडेल अशी रचना, आणि दोन दिवसांआड साफसफाई याला तोड नाही. यावर भर म्हणून खाद्यात घालायची औषधं आहेत. रोबेनिडिन आणि डायक्लाझुरिल ही दोन सशासाठी जगभर वापरली जातात. डायक्लाझुरिलचं प्रमाण असतं टनाला एक ग्रॅम मूळ औषध. ही औषधं सतत एकच वापरली की परजीवी सरावतात, म्हणून आलटून-पालटून, आणि पशुवैद्यकाला लेंडी तपासायला सांगूनच. रोबेनिडिन दिलं असेल तर विक्रीच्या किमान पाच दिवस आधी ते बंद करावं लागतं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोंबडीच्या खाद्यातही कॉक्सिडियाविरोधी औषध असतं, पण ते बहुतेकदा आयोनोफोर गटातलं. यातलं नारासिन सशासाठी धोकादायक म्हणून युरोपात लेबलवर तसा इशारा छापावा लागतो. मॅडुरामायसिनही विषारी. सॅलिनोमायसिन सशाला टनाला 20 ते 25 ग्रॅमपर्यंत चालतं, पण ब्रॉयलरला ते 60 ग्रॅमच्या घरात दिलं जातं, म्हणजे दुपटीहून जास्त. विषबाधा झाली की पाय लुळे पडणं, मान टाकणं, खाणं बंद, मग मृत्यू. शेजारच्या पोल्ट्रीवर उरलेलं पोतं स्वस्तात मिळतंय म्हणून सशाला घालणाऱ्याला या एका परिच्छेदासाठी हा लेख वाचायला द्या.

प्रोबायोटिक, आम्लं, एन्झाइम, आणि घरचा मसाला

सीकममधले चांगले जिवाणू वाढवावेत ही कल्पना बरोबर आहे. अडचण अशी की निरोगी सशाच्या पोटात दह्यातले लॅक्टोबॅसिलस फारसे नसतातच. तिथं हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं राज्य असतं, आणि ते काही पुडीत मिळत नाहीत. म्हणून सशात जास्त अभ्यास झाला आहे तो यीस्टचा, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा, आणि बॅसिलसच्या बीजाणूंचा. बीजाणू जठरातलं आम्ल आणि कांडी यंत्रातली उष्णता दोन्ही सोसतात. साधं जिवंत यीस्ट गरम कांडीत मरू शकतं, म्हणून घरच्या भरड्यात ते थंडच मिसळावं. परिणाम? दूध तोडण्याच्या काळात आणि जिथं मरतूक मुळातच जास्त आहे तिथं फरक दिसतो, तोही मरतूक कमी होण्यात जास्त आणि वजनात थोडा. स्वच्छ, कोरड्या शेडमध्ये अनेकदा काहीच फरक दिसत नाही. इन्युलिन, मॅनन ऑलिगोसॅकराइड वगैरे प्रीबायोटिकची, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या खाद्याची, गत जवळपास तीच.

आम्लांमागचा विचार मात्र फार सुंदर आहे. सशिणीच्या दुधात कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही मेदाम्लं भरपूर असतात आणि ती पिलाच्या पोटात घातक जिवाणूंना आवर घालतात. दूध पिणाऱ्या पिलाचं जठर अजून मोठ्यासारखं आम्लधर्मी झालेलं नसतं, त्यामुळं दूध तुटलं की पिलू काही दिवस उघड्यावर पडतं: दुधाचं संरक्षण गेलं आणि स्वतःचं आम्ल पुरेसं आलं नाही. याच फटीत पिलं मरतात. सायट्रिक, फॉर्मिक, फ्यूमरिक आम्लं खाद्यात घालतात ती याच फटीसाठी. मला विचाराल तर त्याहून स्वस्त उपाय म्हणजे चार आठवड्यांना घाईनं दूध तोडण्याऐवजी आणखी आठवडाभर आईजवळ ठेवणं, आणि तिसऱ्या आठवड्यापासून पिलांना वाळक्या गवताची चव लावणं. मादीला पुन्हा लवकर गाभण करायची घाई असलेले लोक हे ऐकत नाहीत.

एन्झाइमवर मी पैसे घालणार नाही. कोंबडीला फायटेज उपयोगी पडतं, कारण धान्यात अडकलेला फॉस्फरस तिला सोडवता येत नाही. सशाच्या सीकममधले जिवाणू ते काम करतातच, आणि सुटलेला फॉस्फरस मऊ लेंडीतून परत पोटात येतो.

हळद, लसूण, मेथी, ओवा हे सगळं आपल्या घरात असतं, आणि त्यांच्यावर संशोधनही बरंच झालंय. भूक वाढणं, जिवाणूंना थोडा आळा बसणं असे परिणाम नोंदवलेले आहेत. पण हळदीची प्रत, लसणातल्या तेलाचं प्रमाण दर वेळी वेगळं. त्यामुळं एका ठिकाणी जमलेलं दुसऱ्या ठिकाणी जमेलच असं नाही. शेवग्याचा पाला मात्र या यादीत टाकू नका, तो पूरक नव्हे, सरळ खाद्य आहे. वाळलेल्या पाल्यात पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. बांधावर चार झाडं असतील तर सावलीत वाळवून ठेवलेला पाला पेंडीचा खर्च कमी करतो.

क्षारांबद्दल एकच सांगतो. सशाची लघवी पांढरट, दुधाळ दिसली की लोक "कॅल्शियम कमी पडलं" म्हणून आणखी पाजतात. उलट आहे. ससा चाऱ्यातलं कॅल्शियम जेवढं मिळेल तेवढं शोषतो आणि जादाचं लघवीतून टाकतो; तो पांढरेपणा त्याचाच. लसूणघास भरपूर असेल तर वरून कॅल्शियम नकोच. व्हिटॅमिन डीचा अतिरेक तर आणखी वाईट, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडात चुना साचतो. मीठ अर्धा टक्का आणि एक बरं खनिज मिश्रण, पुरे. लायसिन आणि मिथिओनिन ही अमिनो आम्लं शेंगपेंडीवर चालणाऱ्या मिश्रणात खरोखर कमी पडतात. तिथं थोडी सोया पेंड वाढवली की बराचसा प्रश्न सुटतो. कच्चं सोयाबीन मात्र घालू नका, भाजल्याशिवाय ते प्रथिनांचं पचन अडवतं.

अँटिबायोटिकची थोडी मात्रा रोज देऊन वाढ करून घ्यायची पद्धत एके काळी जगभर होती. युरोपीय संघानं ती 1 जानेवारी 2006 पासून बंद केली. भारतात 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी आली. माणसांवरची औषधं निकामी होऊ नयेत हा त्यामागचा हेतू. सशाच्या बाबतीत मात्र कायद्याच्या आधी सीकमच शिक्षा करतं: लिंकोमायसिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं की चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि काही दिवसांत ससा जातो. कोंबडीच्या पाण्यात टाकायची कुठलीही पावडर उघडण्याआधी तिच्यातलं औषध वाचा.

पावसाळ्यातली बुरशी

पावसाळ्यात आपल्याकडं शेंगपेंड आणि मका हमखास दमट होतो. 2019 आणि 2021 च्या पुरात तर पोतीच्या पोती भिजली. अशा मालावर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते, आणि ससा या विषाला फार नाजूक आहे. मरेपर्यंत लक्षण दिसेलच असं नाही. नुसतं खाणं कमी, वाढ मंद, आणि आपण पुन्हा वाढीची पुडी शोधायला निघतो. बेंटोनाइटसारखा टॉक्सिन बाइंडर हे विष पोटात बऱ्यापैकी धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्यापुरता तो घालायला हरकत नाही. पण वास येणारी, हिरवट, गुठळ्या झालेली पेंड बाइंडर घालून शुद्ध होत नाही. ती फेकायची. पेंड फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, आणि जूनमध्ये तीन महिन्यांची एकदम भरायची नाही.

मिसळायचं कसं

डायक्लाझुरिल अर्धा टक्का प्रिमिक्समध्ये, म्हणजे आधीच पातळ करून मिसळलेल्या भुकटीत येतं. टनाला दोनशे ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या पोत्याला फक्त दहा ग्रॅम. एवढीशी भुकटी पोत्यावर टाकून फावड्यानं वरखाली केली तर एका पिलाला काहीच नाही आणि दुसऱ्याला पाचपट. आधी दहा ग्रॅम एक किलो कोंड्यात हातानं नीट चोळायचे. तो किलो पाच किलो भरड्यात. ते सहा किलो उरलेल्या चव्वेचाळीस किलोत. सोनाराचा नको, पण ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. चमच्यानं मोजू नये, प्रत्येक भुकटीचं वजन वेगळं भरतं.

आणि एखादी पुडी चालते की नाही हे विकणाऱ्याला विचारू नका, शेडमध्येच बघा. एकाच आठवड्यात जन्मलेल्या पिलांतून प्रत्येक वेताची पिलं दोन गटांत अर्धी-अर्धी वाटा, म्हणजे आईच्या दुधाचा फरक दोन्हीकडं सारखा पडतो. एका गटाला पुडी, दुसऱ्याला तेच खाद्य पुडीशिवाय. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, सकाळी खाद्य घालण्याआधी वजन. घातलेलं आणि उरलेलं खाद्य लिहा, मेलेली पिलं लिहा. पाच-पाच पिलांत शंभर ग्रॅमचा फरक आला तर तो योगायोगही असू शकतो. गट जितके मोठे आणि खेप जितक्या वेळा तितका भरवसा.

मग हिशेब. समजा पुडीशिवाय एक किलो वजनाला 3.8 किलो खाद्य लागलं आणि पुडीसह 3.6. खाद्य 35 रुपये किलो धरलं तर 133 रुपयांचे 126 झाले, सात रुपये वाचले. ते सात रुपये 3.6 किलो खाद्यावर पसरा: किलोला एक रुपया नव्वद पैसे. पुडी टनाला एक किलो घालायची असेल तर तिची किंमत किलोला एकोणीसशे रुपयांच्या खाली असली तरच खिशात काही पडतं. मरतूक कमी झाली असेल तर तो फायदा वेगळा मोजा, बहुधा तोच मोठा निघतो. एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करू नका. पारा पस्तिशीपुढं गेला की ससा खाणंच सोडतो, आणि तेव्हा छपरावर पाला, दिवसभर थंड पाणी आणि संध्याकाळी उशिरा घातलेलं खाद्य यानं जो फरक पडतो तो कुठल्याही डब्यात मिळत नाही.